भरतीचे पाणी आणि मासळीची वाट

(किनारपट्टीतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणातील मासेमारी म्हटली की यांत्रिक नौकांनी गजबजलेली बंदरे, बर्फाचे कारखाने आणि लिलावाचा गलबला डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच किनाऱ्यावर आणखी एक मासेमारी चालते. तिला नौका लागत नाही, डिझेल लागत नाही आणि फारसे भांडवलही लागत नाही. ओहोटी लागली की टोपली घेऊन खाडीत उतरणाऱ्या स्त्रिया, खांद्यावर पाग टाकून गुडघाभर पाण्यात उभा राहणारा पागी, खडकावर बसून गरी टाकणारा शेतकरी आणि चिखलातील बिळांतून चिंबोऱ्या काढणारी मुले हे या मासेमारीचे धनी होत. त्यांनी आणलेली मासळी पुष्कळदा घरच्या चुलीवरच संपते. म्हणून बाजाराच्या हिशेबात ती ठळकपणे दिसत नाही. असे असले तरी ज्या घरात शेती थोडी आणि मजुरी बेभरवशाची, त्या घरातील भाताबरोबरचे कालवण बहुतेक वेळा याच उथळ पाण्यातून येते.

ही मासेमारी नशिबावर चालते, असा एक समज आहे. तो खरा नाही. ती चालते पाण्याच्या अभ्यासावर. उथळ खाडीत मासा एका जागी राहत नाही. भरतीबरोबर तो आत येतो आणि ओहोटीबरोबर बाहेर जातो. ज्याला पाणी केव्हा, कोठून आणि किती वेगाने हलते हे कळले, त्याला मासा कोठे असेल हे निम्मे कळले. उरलेले निम्मे ज्ञान आमिषाचे. हे ज्ञान टिकावयाचे असेल, तर खाडीतील पाण्याची ये-जाही टिकली पाहिजे आणि तेथे पंचायतीचा संबंध येतो. म्हणून आजच्या विषयाचा विचार प्रथम पाण्याच्या, नंतर माशांच्या आणि शेवटी गावाच्या बाजूने करावयाचा आहे.

भरती-ओहोटीचे गणित

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राला भरती येते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी होते. एका पूर्ण भरतीपासून दुसऱ्या पूर्ण भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. त्यामुळे आज ज्या वेळी भरती आली, त्याच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

या ५० मिनिटांचा हिशेब कोकणातील दर्यावर्दी लोकांनी तिथीशी जुळवून ठेवला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती पूर्ण होणार आणि नऊच्या सुमारास ओहोटी पूर्ण होणार. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्येला व पौर्णिमेला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. हा हिशेब शुद्ध व वद्य अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो. तो ढोबळ आहे, हे मात्र विसरता कामा नये. खाडीच्या मुखाशी जी वेळ असते, ती आत दहा-पंधरा किलोमीटरवर असत नाही. तेथे भरती उशिरा पोहोचते. चढते पाणी थोडक्या वेळात चढते आणि उतरते पाणी अधिक वेळ घेते. पावसाळ्यात नदीला पूर असताना हा फरक आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक गावाला पाऊणकीच्या हिशेबात आपापली दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि जुनी माणसे ती तोंडपाठ सांगतात.

भरतीची वेळ जशी बदलते, तशी तिची उंचीही बदलते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत काम करते आणि पाणी खूप चढते व तितकेच खाली जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे परस्परांना छेद देतात आणि पाण्याचा चढ-उतार थोडा होतो. हा भांग. सर्वांत मोठे उधाण पुष्कळदा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. किनाऱ्याच्या उत्तरेकडे चढ-उतार मोठा आणि दक्षिणेकडे लहान असतो. मुंबईला उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते, तर गोव्याच्या बाजूला ते सव्वादोन मीटरच्या आसपास राहते. मुंबईत अपोलो बंदर येथे १८७८ पासून भरतीच्या नोंदी होत आल्या आहेत आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सहा तासांच्या भरतीत पाणी दर तासाला सारखे चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते, असा नाविकांचा ढोबळ नियम आहे. चढ चार मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर चढेल. परंतु तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी एक मीटर चढेल. मासा शोधणाऱ्यालाही हा नियम उपयोगी आहे आणि जीव सांभाळणाऱ्यालाही.

पाण्याबरोबर येणारी मासळी

मासा भरतीबरोबर आत का येतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. ओहोटीत उघडा पडलेला चिखल हे अन्नाचे कोठार असते. त्याच्यावर सूक्ष्म शेवाळ वाढते, कुजलेल्या तिवराच्या पानांचा गाळ साचतो, त्यात किडे, शिंपले आणि कोळंबीची पिले राहतात. भरतीचे पाणी या कोठाराचे दार उघडते.

प्रथम येतात ते लहान मासे. पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या अगदी कडेला बोयांचे थवे दिसतात. ते चिखलावरील शेवाळ व गाळ खातात. पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठतात आणि मधूनच एखादा बोय हवेत उडी घेतो. पाग टाकणाऱ्याच्या दृष्टीने ही खूण मोलाची असते. वाळूच्या उथळ किनाऱ्यावर मुडदुशे येतात. ते वाळूतील किडे शोधतात. खडकांच्या कपारींत व कांदळाच्या मुळांशी तांबोशी आणि खेकडे राहतात. चिंबोरी चढत्या पाण्याबरोबर बिळातून बाहेर निघून खाद्य शोधू लागते. शिंगाळा गढूळ पाण्यात तळाशी फिरतो.

लहान माशांच्या मागोमाग मोठे मासे येतात. परंतु शहाणा मोठा मासा लहान माशांचा पाठलाग करीत उथळ चिखलावर फिरत नाही. तो त्यांची वाट पाहतो. जिताडा याचे उत्तम उदाहरण होय. ओहोटी लागली की चिखलावर पसरलेले पाणी लहान-लहान ओहोळांतून मुख्य खाडीत उतरू लागते. त्या पाण्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे बाहेर फेकले जातात. अशा ओहोळाच्या तोंडाशी, जरा खोल आणि आडोशाच्या जागी, जिताडा दबा धरून बसतो. रायगड जिल्ह्यात खारबंधाऱ्यांच्या उघाडीशी हाच प्रकार दिसतो. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ती उघडली की आतील पाण्याबरोबर खाद्य बाहेर येते आणि जिताड्याला ती वेळ बरोबर ठाऊक असते. ज्या माणसाला ही वेळ ठाऊक असते, त्याची गरी रिकामी येण्याचा संभव कमी.

यावरून उथळ खाडीत मासा शोधण्याचे काही ठोकताळे निघतात. भरतीच्या पहिल्या दोन तासांत ओहोळांच्या तोंडाशी व पुढे सरकणाऱ्या पाण्याच्या कडेला पाहावे. भरती जोरात असताना प्रवाहाच्या मध्यभागी वेळ न दवडता खडक, पुलाचे खांब, वाळूचा दांडा यांच्या आडोशाच्या बाजूला पाहावे. कारण मासाही आपली शक्ती राखून असतो. दोन प्रवाह मिळतात तेथे फेसाची व काडीकचऱ्याची एक रेघ पाण्यावर दिसते. तिच्याखाली बारीक मासळी जमते. भरती पूर्ण होऊन पाणी थांबले की माशांचे खाणेही बहुधा मंदावते. ओहोटी सुरू होताच पहिल्या तास-दीड तासात चिखलावरून उतरणाऱ्या ओहोळांकडे पुन्हा यावे. बगळे कोठे उभे आहेत आणि खंड्या कोठे सूर मारतो आहे, हेही पाहावे. आकाशातील या शिकाऱ्यांना पंचांग लागत नाही.

उधाण आणि भांग यांचाही निवड करताना विचार होतो. उधाणाला प्रवाह जोराचा असतो. खुंटांना बांधलेल्या डोळ जाळ्यांना तो जोर हवाच असतो, कारण ती जाळी प्रवाहावरच चालतात. उधाणाच्या ओहोटीला एरवी न दिसणारे खडक आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. म्हणून शिंपले, मुळे आणि कालवे गोळा करणाऱ्या स्त्रिया त्याच दिवसांची वाट पाहतात. भांगाच्या दिवसांत पाणी संथ आणि तुलनेने नितळ असते. गरीने मासे धरणाऱ्याला ते सोयीचे पडते. एकाच खाडीत एकाच पंधरवड्यात असा कामाचा क्रम लागलेला असतो.

आमिषाची निवड

पाण्याने जागा आणि वेळ सांगितली, आता आमिष. मासा अन्न तीन प्रकारांनी ओळखतो: वासाने, नजरेने आणि पाण्यातील हालचालीने. कोणता मासा यांपैकी कशावर अधिक विसंबतो, हे ओळखून आमिष निवडावे लागते.

शिंगाळ्याच्या मिशा चव ओळखणाऱ्या असतात. चिखलाच्या अंधारातही त्याला खाद्य सापडते. त्याला आणि खेकड्याला वासाचे आमिष लागते: तारलीचा वा बांगड्याचा तुकडा, वामीचे किंवा मुशीचे डोके. खेकड्याचे आमिष चिवट असावे, कारण नांग्यांनी ओढूनही ते लवकर तुटता कामा नये. लोखंडी कड्याला जाळे लावून त्याच्या मध्यभागी आमिष घट्ट बांधतात, ते ओहोळात तळाशी सोडतात आणि थोड्या थोड्या वेळाने उचलून पाहतात. यातील मर्म असे की, आमिषाचा वास प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि खेकडा त्या वासाच्या मागावर प्रवाहाच्या उलट चालत येतो. म्हणून कडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावयाचे आणि बिळे खालच्या अंगाला राहू द्यावयाची. पाणी थांबले की वास पसरत नाही आणि कडे रिकामे येते. येथेही हलते पाणीच माशाला माणसाशी गाठ घालून देते.

जिताड्याचा प्रकार निराळा. तो हलते सावज पकडतो. त्याला जिवंत कोळंबी किंवा लहानसा बोय लागतो. गळ अशा रीतीने ओवावा लागतो की सावज जिवंत राहावे आणि पोहत राहावे. कोळंबी शेपटीकडून ओवली तर ती हलत राहते. डोक्यातील काळा ठिपका फुटला तर ती तत्काळ मरते. मुडदुश्याला वाळूत सापडणारे किडे किंवा शिंपल्याचे मऊ मांस आवडते. त्याचे तोंड लहान असल्यामुळे गळही बारीक घ्यावा लागतो. बोय मांसाकडे सहसा पाहत नाही. त्याच्यासाठी कणकेचा लहानसा गोळा वापरतात, नाहीतर सरळ पागच टाकतात.

गढूळ पाण्यात वासाचे आमिष आणि नितळ पाण्यात नजरेत भरणारे आमिष, हा सर्वसाधारण नियम होय. ठाणे, धरमतर यांसारख्या चिखलाच्या खाड्या आणि मालवण-वेंगुर्ल्याकडचे वाळू-खडकांचे किनारे यांच्या रीती वेगळ्या दिसतात, त्याचे एक कारण हेच. आणखी एक नियम सर्वत्र सारखा आहे: आमिष ताजे असावे आणि शक्यतो त्याच खाडीतले असावे. त्या भरतीला त्या जागी मासा जे खात असतो, तेच त्याच्यापुढे ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. पकडलेल्या पहिल्या माशाचे पोट पाहून आमिष बदलणारा माणूस पुस्तक न वाचताही शास्त्राचाच अवलंब करीत असतो.

गरीच्या मासेमारीचा एक गुण येथे नमूद केला पाहिजे. गळाच्या आकारावरून माशाचा आकार पुष्कळसा ठरतो आणि नको असलेला मासा जिवंत सोडता येतो. बारीक आसाच्या जाळ्याला ही निवड करता येत नाही. खाडीचे मुख अडवून बारीक जाळे लावले, तर एका ओहोटीत बोटाएवढी पिले टोपलीभर मिळतात. पण ती पुढील हंगामाची मासळी असते. जिताड्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तो पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिले उथळ खाड्यांत वाढतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात. म्हणजे लहानपणीच सगळे पकडले गेले, तर माद्या होणारच नाहीत. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती या विचारानेच.

जीव सांभाळून

खाडीची मासेमारी स्वस्त आहे, परंतु निर्धोक नाही. भरती समोरून येते अशी नवख्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात चिखलाच्या पट्ट्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये जो खोलगट ओहोळ असतो, तो आधी भरतो. समोरचे पाणी अजून दूर दिसत असते आणि पाठीमागची वाट बंद झालेली असते. तिसऱ्या तासात पाणी मीटरभर चढते हे ज्याला ठाऊक नाही, तो या वेळी फसतो. म्हणून पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत फिरावे, एकट्याने चिखलात जाऊ नये आणि परतीचा ओहोळ ओलांडण्यापुरते पाणी असतानाच ओलांडावा, हे नियम घराघरांत सांगितले गेले पाहिजेत.

वाळूत पुरून बसलेल्या पाकटावर पाय पडला, तर त्याच्या शेपटीचा काटा खोल जातो. पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी सरकवत चालले, तर पाकट आधीच निघून जाते. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, त्याने वेदना कमी होतात; आणि विलंब न लावता वैद्यकीय मदत घ्यावी. शिंगाळ्याच्या पंखांचे काटेही असेच त्रासदायक असतात.

पाणी अडले की काय होते

आता विषयाचा तिसरा भाग. खाडीत मासा शोधण्याची ही सारी विद्या एका गोष्टीवर उभी आहे: पाणी आत येते आणि बाहेर जाते. ही ये-जा जेथे थांबते, तेथे उत्तम पागीसुद्धा रिकाम्या हाताने परततो.

ही ये-जा थांबविण्याची कामे नेहमी मोठीच असतात असे नाही. एखाद्या वाडीला जोडरस्ता हवा असतो. वाटेत खाडीचा एक लहान ओहोळ येतो. अंदाजपत्रकात पुलासाठी पैसे नसतात, म्हणून भराव घालून खाली एक नळ टाकला जातो. नळ अरुंद असतो आणि त्याची पातळी उंच असते. भरतीचे पाणी पलीकडे पुरेसे पोहोचत नाही. पोहोचले तर ओहोटीला पुरते परत येत नाही. साचलेल्या पाण्यात तिवरांची मुळे गुदमरतात, नाहीतर कोरड्या पडलेल्या बाजूला ती वाळतात. चिंबोरीची बिळे ओस पडतात. कोळंबीची पिले आत जात नाहीत. ओहोळाच्या तोंडाशी जिताड्याला वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. रस्ता झाला याचा आनंद योग्यच आहे. पण काही वर्षांनी "हल्ली खाडीत मासा नाही" असे लोक म्हणू लागतात, तेव्हा त्याचा संबंध त्या नळाशी कोणी लावीत नाही.

खारबंधाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचविण्यासाठी बंधारे आवश्यक आहेत आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने त्यांची व्यवस्था लावून दिली आहे. शेती आणि मासळी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. उघाडी नीट चालली, तिच्या तोंडाशी साचणारा गाळ वेळेवर निघाला आणि झडपेची दुरुस्ती झाली, तर शेतातील पाणीही वेळेवर निघते आणि खाडीलाही खाद्य मिळते. उघाडी गंजून बंद पडली, तर दोन्ही बाजूंचे नुकसान होते. म्हणजे जी दुरुस्ती शेतकऱ्याला हवी, तीच पाग्यालाही हवी आहे.

कांदळवनांच्या बाबतीत कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनांची तोड व त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकाम यांस मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला आणि २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू झाली. तिच्यामधून गावांना खेकडापालन, कालवपालन आणि पिंजऱ्यातील मत्स्यपालन यांसाठी साहाय्य मिळते. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झाला. तिवराचे झाड म्हणजे बिनकामाचे झुडूप, ही समजूत गावातून जावयास हवी. ज्या पानांच्या गाळावर कोळंबी वाढते, ती पाने याच झाडांची असतात.

विष आणि सुरुंग यांविषयी अधिक बोलण्याची गरज पडू नये. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच त्यांना बंदी घातली आहे. तरीही पाणी कमी झालेल्या कोंडीत कीटकनाशक टाकून मासे वर आणण्याचा मोह काहींना होतो. त्या कोंडीत मोठ्या माशाबरोबर अंडी, पिले, किडे आणि शिंपले असे सारेच मरते, आणि ती मासळी खाणाऱ्याच्या ताटातही विषच येते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाचून मासा धरणाऱ्या गावाला हा मार्ग शोभत नाही.

पंचायत आणि शाळा काय करू शकतील

या सर्वांतून काही सोपी कामे सुचतात. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिले काम माहितीचे. ग्रामपंचायतीने धक्क्यावर, शाळेत आणि चावडीजवळ भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक लावावा. तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि उधाणाचे दिवस एवढी माहिती पुरे. आपल्या खाडीत मुखापेक्षा भरती किती उशिरा येते, हे गावातील जाणत्यांना विचारून त्यात लिहावे.

दुसरे काम शाळेचे. धक्क्याच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करून विद्यार्थ्यांनी एका पंधरवड्यात दिवसाच्या वेळी दर तासाला पाण्याची पातळी लिहावी. ही नोंद शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि धक्क्यावरूनच व्हावी. पंधरा दिवसांत त्यांना उधाण, भांग, ५० मिनिटांचा फरक आणि बारा भागांचा नियम स्वतःच्या हाताने काढलेल्या आलेखात दिसेल. गणित, भूगोल व विज्ञान हे तीन विषय एका खांबाशी शिकता येतात. रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेच्या भेटीने या नोंदींना पुढची दिशा मिळू शकेल.

तिसरे काम नोंदीचे. गावाच्या हद्दीतील प्रत्येक ओहोळ, कोंड, उघाडी आणि शिंपल्यांचा पट्टा यांची यादी करून ती नकाशावर दाखवावी. ती यादी करताना ज्या स्त्रिया रोज ओहोटीला खाडीत जातात, त्यांना प्रथम विचारावे. कोणत्या जागी कोणत्या महिन्यात काय मिळते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. पण ग्रामसभेत त्यांना हा प्रश्न विचारला जात नाही. जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत या माहितीला हक्काची जागा आहे.

चौथे काम निर्णयाचे. ओहोळावर भराव घालण्याचा कोणताही प्रस्ताव पुढे आला, तर ओहोटीच्या तळाइतक्या खोलीवर पुरेशी रुंद मोरी आहे की नाही, हे मंजुरीपूर्वी पाहावे. या पाहणीसाठी अभियंत्याबरोबर गावातील एखादा पागी जावा. उधाणाच्या भरतीला एकदा आणि उधाणाच्या ओहोटीला एकदा अशा दोन भेटी पुरतात. मोरी एका हाताने रुंद केली तर खर्च थोडा वाढेल; अरुंद ठेवली तर त्याची किंमत टोपलीने मोजावी लागेल.

पाचवे काम संयमाचे. पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी पाण्यात परत सोडावी. पावसाळ्याच्या आरंभीच्या महिन्यांत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. त्याच काळात खाडीत पिलांची वाढ होते, हे ध्यानात ठेवून बारीक आसाची जाळी बाजूस ठेवण्याचा ठराव गावाने स्वतःहून करावा. बाहेरून लादलेल्या नियमापेक्षा असा ठराव अधिक पाळला जातो.

मित्रहो, तिथीची पाऊणपट करणारा वृद्ध पागी आणि भरतीची कोष्टके छापणारा सरकारी विभाग एकाच पाण्याविषयी बोलत असतात. या दोघांच्या ज्ञानाची गाठ घालून देणे हे पंचायतीचे आणि शाळेचे काम आहे. पाणी दिवसातून दोन वेळा गावात येते आणि येताना अन्न घेऊन येते. त्याची वाट मोकळी ठेवली, तर ज्या घरात दुसरे काही नाही, त्या घरातही ओहोटीनंतर चूल पेटेल आणि कालवण शिजेल.